गाडीतच हवेची सोय: ऑफरोड गाडीला कंप्रेसर बसवताना

माजलगाव धरणाचं पाणी उन्हाळ्याच्या तोंडावर मागे सरकलं की काठाला जी जमीन उघडी पडते, ती दिसायला पापडासारखी असते. वर भेगाळलेली वाळकी खपली आणि खाली लोणी. तीन वर्षांमागं मार्चात मी तिथं माझी जुनी थार घातली. चारही टायरची हवा १८ पौंडांवर आणली, गाडी डुलत डुलत आत गेली आणि बाहेरही आली. अडचण त्यानंतर सुरू झाली. हवा पुन्हा भरायची कशानं? सिगारेट लायटरच्या सॉकेटात खुपसायचा एक छोटा पंप जवळ होता. पहिल्या टायरला बारा मिनिटं लागली. दुसऱ्याच्या निम्म्यात सॉकेटमधून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि पंप गप्प झाला. रस्त्यावरचं पहिलं पंक्चरचं दुकान गाठलं तर कुलूप, बाजारचा दिवस. मऊ टायरवर वीसच्या वेगानं, मागच्या उसाच्या ट्रॉलीवाल्याच्या शिव्या खात आम्ही माजलगावात शिरलो.

त्यानंतर मी गाडीत कायमचा कंप्रेसर बसवला. पहिल्यांदा चुकीचा बसवला, वर्षभरानं सगळं उकरून पुन्हा बसवला. दोन्ही वेळा कंप्रेसर तोच होता, बदलली ती वायर, जागा आणि पाइप. नवख्या माणसाचा सगळा जीव कंप्रेसर कोणत्या कंपनीचा घ्यायचा यात अडकतो. खरं म्हणजे हे काम कंप्रेसरचं कमी आणि वायरचं जास्त आहे, आणि पुढं मी वायरवर इतकं का लिहिलंय ते त्यावरून कळेल.

आधी गरज आहे का बघा

हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, गाडीचं वजन जास्त जागेत वाटलं जातं आणि टायर रुतत नाही. गोदावरीच्या पात्रातली वाळू, धरणाकाठचा गाळ, बालाघाटाच्या उतारावरचे सुटे दगड, या तिन्हीत याचा लख्ख फरक पडतो. दगडावर टायर आपटत नाही, दगडाला कवटाळतो, आणि आतल्या माणसाची कंबर वाचते.

पावसाळ्यातली काळी माती मात्र वेगळं प्रकरण आहे. पाणंद रस्त्यावर दोन पाऊस झाले की ती माती टायरच्या नक्षीत अशी भरते की चारही चाकं गुळगुळीत होतात. तिथं हवा कमी केल्यानं थोडा फायदा होतो, कारण टायर वाकला की नक्षीतला चिखल सुटतो. पण तो रामबाण नाही. काळ्या रानात भर पावसात गाडी घालायची नसते. आमच्याकडं बैलगाडीवाल्यालाही हे कळतं. केवळ त्यासाठी कंप्रेसर घेणार असाल तर घेऊ नका.

घेण्याचं आणखी एक कारण आहे, आणि मराठवाड्यात तेच जास्त वेळा उपयोगी पडतं: येडी बाभूळ. बांधाला, ओढ्याकाठी, पडीक रानात सगळीकडं तिचे काटे आहेत. ट्यूबलेस टायरमध्ये काटा शिरला की हवा हळूहळू उतरत राहते. प्लग मारायची दोरी-सुई आणि गाडीत हवा असेल तर पंधरा मिनिटांत पुन्हा वाटेला लागता येतं.

टायरमध्ये ट्यूब असेल तर हवा फार उतरवू नका. टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. ट्यूबलेसलाही साध्या रिमवर १५ च्या खाली मी जात नाही, वळणावर टायर रिम सोडतो.

हवा किती लागते, याचं गणित

दुकानात जाण्याआधी हे गणित करा, नाहीतर दुकानदार करेल.

माझ्या गाडीचा टायर २३५/७० आर १६. त्याच्या पोकळीत साधारण ६० लिटर जागा असते. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय (पंक्चरवाल्याच्या भाषेत पौंड) धरतात. म्हणजे टायरचा दाब १४.७ नं वाढवायचा तर टायरच्या पोकळीएवढी, म्हणजे ६० लिटर, बाहेरची हवा आत कोंबावी लागते. १८ वरून ३२ म्हणजे १४ ची वाढ, एका टायरला अंदाजे ५७ लिटर. चार टायरना २३० च्या आसपास.

कंप्रेसरच्या खोक्यावर हवेचा आकडा लिटर प्रति मिनिट किंवा सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) असतो. १ सीएफएम म्हणजे सुमारे २८.३ लिटर. पण खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा शून्य दाबाचा असतो, म्हणजे पंप मोकळ्या हवेत फुंकतोय तेव्हाचा. टायरमध्ये २५-३० चा दाब असताना हवा त्याहून बरीच कमी येते. म्हणून ३० पीएसआयला किती, हे विचारायचं. तो आकडा देत नसतील तर दुसरा कंप्रेसर बघायचा. त्या दाबाला ४०-४५ लिटर देणारा एका मोटारीचा कंप्रेसर आपल्या कामाला पुरतो. एका टायरवरून दुसऱ्याकडं जाणं, दाब मोजणं धरून चार टायर दहा मिनिटांत होतात.

‘१५० पीएसआय’ या मोठ्या आकड्याला भुलू नका. तुम्हाला ३५ च्या वर कधी जायचंच नाही. सायकलचा हातपंपही मोठा दाब देतो, हवा मात्र कमी देतो.

दुसरा आकडा ड्यूटी सायकलचा, म्हणजे एकूण वेळेपैकी किती वेळ चालवता येतो त्याचा. ३३ टक्के लिहिलं असेल तर १५ मिनिटं चालवून ३० मिनिटं थांबवायचा. हा आकडा काही कंपन्या १०० पीएसआय दाबाला आणि २२ अंश तापमानाला मोजून छापतात. आपल्याकडं मे महिन्यात सावलीत ४२ असतं आणि बोनेटखाली त्याच्या कितीतरी वर. आपण दाब कमी वापरतो म्हणून थोडी सूट मिळते, पण उन्हानं ती परतही घेतली जाते. मी सरळ नियम केलाय: दोन टायर भरायचे, पाच मिनिटं पाणी प्यायचं, मग पुढचे दोन.

दोन मोटारींचे जुळे कंप्रेसरही मिळतात, ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचा तसला एक आहे. हवा भरपूर देतो, पण ५० अँपिअरच्या वर करंट खेचतो. पहिल्याच कामाला तो घेऊ नका. त्याची वायर, त्याचा फ्यूज, सगळंच दुप्पट जाड लागतं.

टाकी घ्यावी का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ४ लिटरची टाकी १२० पर्यंत भरली तरी ३२ च्या वरची, म्हणजे टायरच्या कामाची हवा तिच्यात फक्त २४ लिटर असते. एक टायरही अर्धा भरत नाही. शिवाय तिला सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो, तळातलं पाणी काढायची तोटी लागते, जागा लागते. एअर लॉकर (दोन्ही चाकं सोबत फिरवणारं, हवेवर चालणारं कुलूप) किंवा हवेचा हॉर्न बसवणार नसाल तर टाकीचे पैसे वायरीत घाला.

जागा

तीन जागा सुचतात: बोनेटखाली, सीटखाली किंवा मागं डिक्कीत, आणि गाडीच्या पोटाखाली चेसीला. तिसरी आधीच काढून टाका. ओढ्यातलं पाणी, चिखल आणि दगड यांचा पहिला मार तिथं बसतो.

बोनेटखाली बॅटरी जवळ, म्हणून वायर आखूड लागते. तोटा उष्णतेचा. एक्झॉस्ट आणि टर्बोपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. डिझेलच्या पाइपला, ब्रेकच्या नळीला कंप्रेसर घासेल अशी जागा कितीही मोकळी दिसली तरी घेऊ नका. सीटखाली थंड आणि कोरडं असतं, पण वायर लांबते आणि आवाज डोक्यात जातो. मी पहिल्यांदा बोनेटखाली, नेमका एक्झॉस्टच्या बाजूला बसवला होता, कारण तिथं आयती भोकं होती. मे महिन्यात तिसरा टायर भरताना तो आपोआप बंद पडायचा. आतला उष्णतेचा कटआउट तोडायचा. आता ड्रायव्हरच्या सीटमागं आहे.

जागा ठरवायची युक्ती अशी: पुठ्ठ्याचं खोकं कंप्रेसरच्या मापाचं कापा, ठरवलेल्या जागी चिकटपट्टीनं बसवा आणि बोनेट लावून बघा, सीट मागंपुढं करून बघा, फिल्टर काढायला हात जातो का बघा. हात जात नसेल तर तो फिल्टर तुम्ही आयुष्यात कधी साफ करणार नाही.

हवा आत घेणारं तोंड कोरड्या, बिनधुळीच्या जागी हवं. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर जो फुफाटा उडतो तो थेट पिस्टनच्या रिंगा खातो. बहुतेक कंप्रेसरचा फिल्टर काढून छोट्या पाइपनं दुसरीकडं, उंचावर नेता येतो. गाडी पाण्यात घालत असाल तर ते कराच.

ब्रॅकेट फॅब्रिकेशनवाल्याकडून ५ मिलिमीटर जाड पट्टीचं करून घ्या. पातळ पत्रा थरथरून चिरतो. एम ८ चे बोल्ट, खाली रबराचे बुश, वर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीनं ढिला न होणारा). चेसीला भोक पाडू नका, असलेल्या भोकांवर भागवा. गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, नाहीतर ईसीयूचा (गाडीच्या कॉम्प्युटरचा) खर्च कंप्रेसरच्या वर जाईल.

वायर

आता मुख्य काम.

एका मोटारीचा कंप्रेसर २५ ते ३० अँपिअर खेचतो. कंप्रेसर सीटमागं असेल तर बॅटरीपासून जाऊन-येऊन वायर सहज ६ मीटर होते. घरात प्लगला टाकतात ती २.५ स्क्वेअर एमएमची वायर लावली तर ३० अँपिअरला वाटेतच सव्वा व्होल्ट गळतो. सव्वा व्होल्ट गुणिले ३० अँपिअर, म्हणजे ३७ वॉट. एक सोल्डरिंग आयर्न जितकं तापतं तितकी उष्णता गाडीच्या गालिच्याखाली. ६ स्क्वेअर एमएम लावली तर गळती अर्ध्या व्होल्टवर येते, १० लावली तर ०.३ वर. बोनेटखाली आखूड अंतराला ६ ची पुरते. मागं न्यायची असेल तर १० ची घ्या.

व्होल्टेज कमी मिळालं की मोटार मंद फिरते, हवा भरायला जास्त वेळ लागतो आणि तेवढा जास्त वेळ ती तापत राहते. रात्री शेतातली लाईट कमी दाबानं आली की विहिरीवरची मोटार कशी कण्हते ते ज्यानं ऐकलंय त्याला हे वेगळं समजवायला नको.

वायर तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर हल्ली गाडीच्या साउंड सिस्टिमच्या किटमध्ये सर्रास येते. टोक सोलून एक तार ब्लेडनं खरवडा; आतून पांढरी निघाली की परत करा. अंबाजोगाईत माझ्या ओळखीचे एक वयस्कर लाईटवाले आहेत, ट्रॅक्टरची वायरिंग करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. १० ची वायर बघून ते म्हणाले, “काय करायलाव दादा हे? ट्रॅक्टरच्या डायनामोला बी एवढी जाड नसती.” मी म्हटलं, “मामा, गेल्या वर्षीची काढलेली वायर बघा.” त्या वायरचं टोक त्यांनी हातात घेतलं, बोटानं दाबलं. वरचं प्लॅस्टिक कडक होऊन पापडागत मोडलं. मग काही बोलले नाहीत, थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) दाबायचं मशीन काढलं.

थिंबल दाबूनच लावा, पक्कडनं चेपून नाही. वरून हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी). जिथं वायर पत्र्यातून आरपार जाते तिथं रबराचा ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायचं कडं) हवाच, आणि पूर्ण लांबीला करकोच्याचा पाइप (वायरवर चढवतात ती सुरकुत्यांची नळी). गाडीच्या थरथरीत पत्र्याची कड वायरला करवतीसारखी कापते.

फ्यूज. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत. तिथंच, आणखी पुढं नाही. फ्यूज कंप्रेसरसाठी नसतो, वायरसाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला राखण कोणीच नसतं, म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका बरा. ३० अँपिअरच्या कंप्रेसरला ४० चा फ्यूज. तो उडाला म्हणून ६० चा टाकणारे लोक मी पाहिलेत. त्यापेक्षा का उडाला ते शोधा.

रिले म्हणजे विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर. आपण दाबतो ते छोटं बटण, खरा भार आतला कॉन्टॅक्ट उचलतो. डॅशबोर्डवरच्या नाजूक स्विचमधून ३० अँपिअर कधीच न्यायचे नाहीत. साध्या ४० अँपिअरच्या रिलेच्या खाली चार पाय असतात, प्रत्येकाला आकडा छापलेला:

३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली जाड वायर. ८७ ला कंप्रेसरचं पॉझिटिव्ह, तेही जाड. ८६ ला स्विचकडून आलेली बारीक वायर. ८५ ला अर्थ. बास. ८५-८६ च्या कॉइलला (आतला कॉन्टॅक्ट ओढणाऱ्या गुंडाळीला) अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी करंट लागतो, म्हणून तिथं बारीक वायर आणि ५ अँपिअरचा फ्यूज चालतो.

स्विचला करंट इग्निशन ऑन झाल्यावरच येणाऱ्या सर्किटमधून द्या. त्यासाठी फ्यूज बॉक्समध्ये बसणारा जोड मिळतो, फ्यूज टॅप म्हणून मागायचा. कंपनीची वायर सोलून वेटोळं मारू नका. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरवाले पहिलं बोट त्या वेटोळ्यावर ठेवतात, आणि ते बरोबरही असतं.

कंप्रेसरला प्रेशर स्विच असेल तर तोही याच बारीक वायरीच्या वाटेत, डॅशबोर्डचा स्विच आणि ८६ यांच्या मध्ये. टायर सुटला, पाइपचं तोंड बंद राहिलं, दाब चढला, की तो कॉइल तोडतो आणि कंप्रेसर थांबतो. जाड वायरीत घातला तर स्वतःच जळतो.

अर्थिंगला लोक सगळ्यात कमी किंमत देतात. जेवढी जाड वायर पॉझिटिव्हला तेवढीच निगेटिव्हला. रंगावर, गंजावर बोल्ट आवळून अर्थ होत नाही, पत्रा चमकेपर्यंत घासा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो असेल तर कंप्रेसरचं निगेटिव्ह थेट बॅटरीच्या खुंटीला जोडू नका, सेन्सरच्या पलीकडं चेसीचा जो अर्थ आहे तिथं जोडा. नाहीतर गाडीला बॅटरीचा हिशोब चुकीचा कळतो.

सगळं जोडून होईपर्यंत बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं असू द्या. ते सगळ्यात शेवटी जोडा.

हवेची लाइन

हवा दाबली की तापते. कंप्रेसरचं डोकं चालू असताना हाताला फोड येईल इतकं गरम होतं, आणि त्यातून निघणारी हवाही. म्हणून पहिला मीटरभर पाइप स्टीलची जाळी असलेलाच हवा. निळा-काळा नायलॉनचा न्यूमॅटिक पाइप स्वस्त आणि सुटसुटीत असतो, पण तो कंप्रेसरच्या तोंडाला थेट लावला की मऊ पडून फिटिंगमधून निसटतो. माझा निसटला होता, बोनेटखाली बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला.

फिटिंग घेताना आट्यांची गोम समजून घ्या. आयात केलेल्या बऱ्याच कंप्रेसरला एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे असतात, आणि आपल्या बाजारात न्यूमॅटिकचं, म्हणजे हवेच्या लाइनचं, सामान बहुतेक बीएसपीचं (ब्रिटिश मापाचं). पाव इंची फिटिंगात एनपीटीला इंचाला १८ आटे, बीएसपीला १९. कोनही वेगळा, एकाचा ६० अंश, दुसऱ्याचा ५५. दोन-तीन फेरे हातानं छान बसतात, मग पाना लावला की अॅल्युमिनियमचे आटे सोलले जातात. कंप्रेसर सोबत घेऊन दुकानात जा. छत्रपती संभाजीनगरात वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीमुळं असलं सामान मिळायला अडचण नाही. लातूरकडच्यांनी तिथल्या एमआयडीसीच्या आसपास विचारावं. अॅडॅप्टर मिळतो, आणि तो घेण्यात कमीपणा नाही.

टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेनं तीन वेढे, पहिला आटा मोकळा सोडून. टेपचा तुकडा आत गेला की चेक व्हॉल्व्हमध्ये (हवा एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या झडपेत) अडकतो आणि मग कारण शोधता शोधता रविवार जातो.

गाडीवरचं टोक, जिथं पाइप जोडायचा तो क्विक कपलर, मी मागच्या बंपरजवळ काढलाय, रबरी टोपणासकट. सोडता येणारा पाइप पुढच्या चाकापर्यंत आरामात पोचेल इतका लांब घ्या, मोजताना बोटभर जास्त धरू नका, हातभर धरा. टायरच्या टोकाला चिमट्याचा चक (व्हॉल्व्हवर बसणारं तोंड) घ्या, पेचाचा नको. पेचाचा चक काढता काढता दोन पौंड हवा सुटते आणि सगळी मेहनत पुन्हा.

पहिल्यांदा चालू करताना

इंजिन चालू करा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. बंद शेडमध्ये नाही, धूर कोंडतो. एक टायर २० वर आणून कंप्रेसर लावा आणि मल्टिमीटरनं आधी बॅटरीवर, मग कंप्रेसरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर कुठंतरी सांधा ढिला आहे. प्रत्येक थिंबलला, फ्यूजच्या घरट्याला, रिलेला हात लावत जा. जो सांधा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागेल तो दोषी.

मग साबणाचं पाणी. प्रत्येक जोडावर लावा, बुडबुडा दिसला की टेप बदला. शेवटी पाइपचं तोंड बंद ठेवून प्रेशर स्विच आपोआप तोडतो का बघा. तोडला नाही तर लगेच हातानं बंद करा, आणि तो दुरुस्त होईपर्यंत कंप्रेसर वापरू नका.

हवा उतरवणं आणि भरणं

टायरचा ठरलेला दाब ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर असतो. तोच घरी परतायचा आकडा. तो थंड टायरचा असतो. दुपारी डांबरीवरून तासभर पळलेला टायर तीन-चार पौंड जास्त दाखवतो, म्हणून लगेच हवा सोडू नका.

मी गाळाला १८, दगडाला २२, कच्च्या फुफाट्याच्या रस्त्याला २६ ठेवतो. तुमची गाडी जड असेल तर दोन-दोन वर धरा. मऊ टायरवर डांबरीवर चाळीसच्या वर जाऊ नका, टायरची बाजूची भिंत वाकून वाकून तापते. आणि १८ वर असताना वळताना झटका देऊ नका.

भरताना गेजकडं बघून फसू नका. कंप्रेसर चालू असताना पाइपवरचा गेज टायरपेक्षा जास्त दाब दाखवतो. थांबवा, वाचा, पुन्हा चालू करा. दोन-तीन वेळा केलं की अंदाज येतो.

टायरमध्ये नायट्रोजन भरलेला असेल तर साधी हवा मिसळायला काही हरकत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे.

टायर रिमवरून सुटलाच, तर छोटा कंप्रेसर तो बसवेलच असं नाही. व्हॉल्व्हमधली पिन काढून पाइप लावला की हवा झपाट्यानं जाते, आणि टायरभोवती पट्टा आवळला तर कडा रिमला टेकतात. पेट्रोल किंवा स्प्रे मारून काडी लावायचे व्हिडिओ फिरतात. ते बघून करमणूक करा, बाकी काही करू नका.

अभयारण्याच्या हद्दीत, मग ते गौताळा असो वा जायकवाडीचा काठ, वाट सोडून गाडी घालायची नाही. कायद्याचं दुसरं टोक मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं: आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही. कंप्रेसरनं आरसीतलं काही बदलत नाही, पण त्याच्या निमित्तानं चेसी कापली, पुढं लोखंडी बंपर वेल्ड केला, की मग आरटीओसमोर उत्तर द्यावं लागतं.

देखभाल

हे कंप्रेसर बिनतेलाचे असतात. पंक्चरच्या दुकानातल्या मोठ्या कंप्रेसरला तेल लागतं म्हणून ह्यालाही कोणीतरी प्रेमानं दोन थेंब घालतं. घालू नका, रिंगा चिकटतात. फोमचा फिल्टर दर दोन फेऱ्यांनी साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मग लावा. पावसाळ्यात गाडी महिनाभर कुठं गेली नाही तरी पंधरा दिवसांतून एकदा दोन मिनिटं कंप्रेसर फिरवा, आतला दमटपणा निघतो.

आणि बसवल्यापासून ५०० किलोमीटर झाले की एकदा सगळे बोल्ट, थिंबल, फ्यूजचे नट पान्यानं आवळून घ्या. केजवरून येताना मी हे केलं तेव्हा अर्थचा नट अर्धा फेरा ढिला निघाला. मामांना दाखवला, तर ते म्हणाले, “वायसर इसरलो असंल.” खाली खरोखरच वायसर नव्हता.